घरची काठी

आमगावच्या शांती पदयात्रेसाठी फलक मी रंगवले होते, काठी मात्र ज्यानं त्यानं घरून आणायची होती. खुशालनं आणलेली काठी मधोमध फुटलेली, तारेनं आवळलेली होती. तिच्यावर 'हिंसा नको' ठोकता ठोकता मी विचारलं, "एवढी जाड काठी फुटली कशी, भाऊ?"

"बैल मोठा अडेल हाये जी मॅडम. परवा त्याले मारता मारता फुटली." तो हसला, आजूबाजूचे गडीही हसले.

त्याची बायको रुख्मा शेजारीच उभी होती. उजवा हात गळ्यात, त्यावर कोरं करकरीत प्लॅस्टर. तिनं डाव्या हातानं तो फलक उचलला.

"मॅडम, आमचा बैल तं पोळ्याच्या आधीच इकला."