तेवीस प्रयोगशाळांची सरासरी

दर वसंतात एकाच लोण्याचे नमुने देशातल्या तेवीस प्रयोगशाळांकडे जातात. त्यात कुठलं मेदाम्ल किती आहे ते ज्याने त्याने मोजून कळवायचं. सगळ्यांच्या आकड्यांची सरासरी निघते, आणि तेच बरोबर उत्तर धरतात. लागोपाठ दोन वर्षं त्यापासून लांब राहिलं की परवाना जातो.

आमच्या लेवार्डनच्या प्रयोगशाळेतली हिस्के एका वर्षी नमुना सुईने यंत्राच्या थंड नळीत थेट टोचू लागली. बाकी बावीस जण यंत्राच्या तापलेल्या तोंडातून टोचत. हिस्केचा आकडा वेगळा आला आणि आम्ही नापास झालो.

"टेर्पस्ट्रासाहेब, चूक त्यांची आहे. गरम टोचलं की जड आम्लं सुईतच चिकटून राहतात. मी सगळ्यांना पुराव्यासकट लिहिलंय."

साहेब आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. त्यांनी हिस्केला कॉफीबरोबर एक बिस्कीट दिलं आणि डब्याचं झाकण लावलं. "म्हणजे बावीस जण आंधळे आणि तू एकटी डोळस! अगं बाई, चौदा घरांच्या चुली त्या परवान्यावर पेटतात. गपगुमान चारचौघांसारखं टोच."

हिस्के घरी जाऊन रडली म्हणतात. पण पुढच्या वसंतात तिने गरमच टोचलं आणि आकडा पाठवून दिला.

महिन्याभराने परवाना देणाऱ्या कार्यालयाचं पत्र आलं.


"आपल्या पुराव्यांमुळे बाकी बावीसही प्रयोगशाळा यंदा थंड पद्धतीकडे वळल्या, त्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार, आपला आकडा मात्र याही वर्षी सरासरीपासून दूर असल्याने परवाना रद्द करत आहोत."