धनेशची शेवटची तारीख

धनेश पायरीवर बसला होता. आत ये, असं त्याला कुणी म्हणालं नव्हतं, आणि तीन वर्षांत तो आपण होऊन कधी आत आला नव्हता.

भगवाननं इस्त्रीचा सदरा चढवला. आज पनवेलला बाल न्याय मंडळापुढं धनेशची शेवटची तारीख होती. अहवाल बरा असला तर पोरगा मोकळा, नाहीतर सुधारगृह.

“येतो गं,” भगवान म्हणाला.

चंद्रावती तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

“आज तरी बोलशील काय त्याच्याशी? एक शब्द?”

“मला नको सांगू,” ती म्हणाली, आणि उठून तिनं पायरीकडची खिडकी लावून घेतली.

तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी उलव्याच्या रस्त्यावर गव्हाणच्या पोरांनी बाइकची शर्यत लावली होती. धनेश तेव्हा सोळाचा. वळणावर गाडी त्याच्या हातातून सुटली आणि रस्त्याच्या कडेला उभा असलेला एक पोरगा जागीच गेला.

त्यानंतर भगवान सहा महिने घराबाहेर पडला नाही. चंद्रावतीनं सणाचं गोडधोड बंद केलं. लग्नकार्यात कुणी पाहुणीनं मुलं किती म्हणून विचारलं, की ती उठून आत जाई.

मग एके सकाळी भगवान सरपंच दिनानाथकडं गेला आणि त्यानं बर्फाच्या बंद कारखान्याची किल्ली मागितली.

“काय करणार तिथं?”

“पोरांना कामाला लावणार. जमिनी सरकारात गेल्या, त्या पैशातून दारात गाड्या आल्या, पण हाताला काय काम हाय त्यांच्या? पोरं अशीच मरतील, नायतर मारतील.”

दिनानाथनं खणातून किल्ली काढली. “दादा, तुझं दुःख काय कमी हाय, म्हणून दुसऱ्याची पोरं गळ्यात घेतोस?”

भगवाननं किल्ली घेतली.

कारखान्याची शेड झाडायलाच पंधरा दिवस गेले. पहिल्या महिन्यात चार पोरं आली, तीही पंख्याखाली मोबाइल बघायला. भगवान घरोघर फिरला. शिव्या खाल्ल्या, चहा प्यायला, पुन्हा गेला. उरणच्या रस्त्यावरच्या एका मेकॅनिकला त्यानं एसी दुरुस्ती शिकवायला राजी केलं. मागं कबड्डीचं मैदान आखलं. नशेच्या गोळ्यांच्या नादी लागलेल्या पोरांसाठी दर गुरुवारी डॉक्टर येऊ लागले. पुढं पुढं मुलीही आल्या, आणि कंप्रेसर खोलण्यात अंकिता सगळ्यांच्या वर निघाली. आता पस्तीस जणांची हजेरी लागत होती.

धनेश पहिल्या दिवसापासून तिथं होता. भगवानच्या विनंतीवरून मंडळानं त्याला तसा हुकूमच दिला होता: भगवानच्या देखरेखीखाली राहायचं, समाजसेवा करायची, गाडीला हात लावायचा नाही. तो शेडवरच झोपे. सांगितलेलं काम करी. तारखेला त्याच्यासोबत जायचा तो फक्त भगवान.

सगळं सुरळीत होतं. पण गेल्या महिन्यात कुणीतरी मंडळाला अर्ज धाडला, की धनेशला बाइक चालवताना पाहिलंय.

आजच्या सुनावणीत प्रोबेशन ऑफिसर चारुता मॅडमनी तो अर्ज वाचून दाखवला. न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला.

“धनेश, गाडी चालवलीस?”

“हो, मॅडम.”

“मनाई होती ना?”

“हो.”

“मग?”

 धनेशनं भगवानकडं पाहिलं. भगवान उठून उभा राहिला.

“चावी मी दिली, बाई.”

“तुम्ही?”

“आमच्या शेडवर देवेश म्हणून पोरगा हाय. गोळ्या खाऊन शेडच्या दारात पडला. तोंडाला फेस. ॲम्ब्युलन्सला अर्धा तास सांगितला. दुसरं कुणी चालवणारं नव्हतं. हा हात लावाया तयार नव्हता, रडत होता. मीच चावी त्याच्या हातात कोंबली. देवेशला मधी घेऊन मी मागं बसलो.”

“तुम्ही त्याच्या गाडीवर बसलात, भगवानराव?”

“बसलो. दवाखान्यापर्यंत एका पण वळणावर त्यानं घाई केली नाय.”

न्यायाधीश बाईंनी शेजारच्या दोन्ही सदस्यांकडं पाहिलं. चारुता मॅडमनी देवेशचे दवाखान्याचे कागद पुढं ठेवले. कुजबुज झाली. 

“देखरेख संपली,” बाई म्हणाल्या. “धनेश, तू मोकळा आहेस. शिकत राहा.”

बाहेर आल्यावर धनेश भिंतीला टेकून खालीच बसला आणि हमसून हमसून रडला. भगवाननं त्याच्या पाठीवर हात ठेवला. छातीवरचा धोंडा कुणी उचलून नेल्यासारखं त्याला वाटलं. कितीतरी दिवसांनी त्यानं पोटभर श्वास घेतला. मग घरी फोन लावला.

“सुटला,” तो म्हणाला.

 पलीकडं खिडकी उघडल्याचा आवाज आला, मग चंद्रावती बोलली.

“सकाळपासून उपाशी असंल तो. जेवाला घेऊन ये.”

“घरात?”

“मग काय, पायरीवर वाढू?”

भगवाननं डोळे पुसले, धनेशला हाताला धरून उठवलं आणि तो सुटकेच्या कागदावर सहीसाठी कचेरीच्या खिडकीपाशी गेला. तिथं नवा कारकून होता. त्यानं धनेशचं नाव लिहिलं, वय लिहिलं.

“ताब्यात घेणाऱ्याचं नातं? वडील लिहू ना?”

“वडील लिवा,” भगवान म्हणाला, “पण ह्याचा नाय. त्या संध्याकाळी रस्त्याच्या कडेला उभा व्हता, त्याचा.”