डॉक्टरांचा संयम

दातांचे डॉक्टर निवृत्त झाले आणि बोन्सायच्या वर्गाला जाऊ लागले. फुलणाऱ्या क्विन्सची, म्हणजे लाल फुलांच्या एका झुडपाची, दोन रोपं आणली. एक त्यांनी घेतलं, दुसरं बायकोने मागच्या बाल्कनीत ठेवलं.

"बुंध्याशी कोंब फुटतील, ते वाढू द्या," शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं. "एका मुळातून पाच-सात खोडं उभी राहिली, की छान झुपका होतो."

पण जन्म गेला उपटण्यात. कोंब दिसला की डॉक्टरांचे हात शिवशिवायचे. दोन वर्षांनी कुंडीत एकुलती एक काडी उरली.

वर्गाच्या प्रदर्शनात यांचं हसं होईल, म्हणून आदल्या संध्याकाळी बायकोने गुपचूप आपली कुंडी दारापाशी आणून ठेवली. पाच खोडं, फांदीफांदीवर लालभडक फुलं. सकाळी डॉक्टरांनी कुंडीकडे बराच वेळ पाहिलं, बायकोकडे मात्र पाहिलं नाही, आणि ती गाडीत ठेवली.

पहिलं बक्षीस मिळालं. "एवढा संयम आणलात कुठून?" बाईंनी विचारलं.

"घरचाच आहे," डॉक्टर म्हणाले.



घरी आल्यावर त्यांनी स्वयंपाकघराचं दार हळूच लोटून घेतलं आणि बायकोला म्हणाले, "नवशिक्यांचा वर्ग आता मी घ्यायचा असं ठरलंय. दर शनिवारी मी निघण्याआधी, काय शिकवायचं ते तेवढं सांगत जा."