बोट आली

"बोट आलीच पाहिजे," काठावर उभे असलेले साहेब म्हणाले. पाण्यावरून ते थेट छपरापर्यंत ऐकू आलं.

छपरावर रत्नव्वा बसली होती. शहराबाहेरच्या जुन्या दगडी खणीत पाणी साठलं होतं, त्यात खांब रोवून सिनेमावाल्यांनी नुसतं छप्पर उभं केलं होतं. वरची कौलं खरी होती, खाली घर नव्हतं. तिच्या मांडीवर पिराजीचं डोकं होतं. पिराजी नाटकातला मुरलेला नट. आज तो तिचा नवरा झाला होता, आणि त्याला तिच्या मांडीवरच मरायचं होतं.

हे मरण सिनेमाला रत्नव्वानंच दिलेलं. शिरोळकडचं तिचं गाव महापुरात बुडालं, तेव्हा ती आणि तिचा नवरा भीमाप्पा असेच कौलांवर चढून बसले होते. भीमाप्पाला दम्याचा त्रास. फोन लागला की पलीकडून उत्तर यायचं, बोट निघालीय. दिवस मावळला, दुसरा उजाडला, तरी बोट निघालेलीच होती. ती आली तेव्हा भीमाप्पा गार पडला होता.

मग रत्नव्वा कसबा बावड्यात भाचीकडं राहायला आली. शूटिंगला गर्दीत उभं राहायचं काम मिळेल तेव्हा करू लागली. अशाच एका ठिकाणी चहा पिता पिता तिनं आदितीला सगळं सांगितलं. आदिती तिशीतली, इथलीच, पहिला सिनेमा करत होती. तिनं ते जसंच्या तसं लिहिलं आणि म्हणाली, "मावशी, हे तुमचं आहे, तुम्हीच करा." रत्नव्वा लगेच हो म्हणाली. इतकी वर्षं ती ज्याला त्याला सांगत आली होती आणि ऐकणारा चुकचुकून दुसऱ्या विषयाकडं वळत होता. पडद्यावर तरी लोकांना बघावं लागेल, असं तिला वाटलं.

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. शहरात सिनेमाचा धंदा परत यावा म्हणून नवा सहाय्य कक्ष निघाला होता, त्याचे ते अधिकारी. जागा त्यांनी फुकट दिली होती. दोन बोटी, पाणबुडे, काठावर रुग्णवाहिका, सगळं त्यांनीच सकाळी सकाळी आणून उभं केलं होतं. रत्नव्वाच्या पातळाखालून जॅकेट बांधलंय का, हेही त्यांनी जातीनं बघितलं होतं. फक्त कहाणीचं हे पान त्यांनी आजच वाचलं होतं.

"मॅडम, बोटी आमच्या, माणसं आमची. आणि पडद्यावर बोट येत नाही म्हणून माणूस मरतो? वरच्यांना मी काय तोंड दाखवू?"

"पण हे घडलंय, सर," आदिती म्हणाली.

"घडलं असंल की. मी कुठं नाही म्हणतोय? पण त्याला आम्ही मदत कशी करायची?"

बोटी परत गेल्या असत्या तर आदितीचा सिनेमा या खणीतच बुडाला असता. शेवटी ती स्वतः तराफ्यावरून छपरापर्यंत आली. रत्नव्वाच्या डोळ्याला डोळा न देता तिनं सांगितलं, की आता बोट वेळेवर येणार. बोटीत बसल्यावर रत्नव्वानं एवढंच म्हणायचं, साहेब, देवासारखं आलासा.

"तुम्हाला नको असेल तर उतरा, मावशी. मी दुसऱ्या कुणाला तरी बसवते."

रत्नव्वाच्या अंगाची आग झाली. तिनं पिराजीचं डोकं बाजूला केलं, पदर खोचला आणि एक पाय तराफ्यावर ठेवला. मग थांबली.

"बोट आली तर ह्यांचं काय हुतंय?" पिराजीकडं बघत तिनं विचारलं.

"वाचतात."

रत्नव्वानं पाय मागं घेतला. "मग बसतो मी," ती म्हणाली आणि पिराजीचं डोकं पुन्हा मांडीवर घेतलं.

यंत्राची घरघर ऐकू आली. बोट पाणगवतामागून वळली आणि नाकासमोर चालत छपराला येऊन टेकली. नारिंगी जॅकेट घातलेले दोन गडी वर चढले, "काका, हळू," म्हणत त्यांनी पिराजीला अलगद उचललं. रत्नव्वा मागोमाग उतरली. ठरल्याप्रमाणं पिराजी खोकला आणि त्यानं डोळे उघडले. तिनं त्याच्या छातीवर तळहात ठेवला. छाती वरखाली होत होती. कॅमेरा जवळ आला. हे वाक्य म्हणायला आपली जीभ उचलणार नाही असं तिला वाटलं होतं. ती उचलली.

"साहेब, देवासारखं आलासा."

आदितीनं कट म्हटलं. काठावर टाळ्या पडल्या. साहेब रुमालानं डोळे टिपत होते.

"बघा मॅडम, किती खरं वाटतंय," ते म्हणाले.

बोट काठाला लागली. पिराजी उठून बसायला लागला, तरी छातीवरचा हात निघेना. "बाई, सोडा आता. झालं की," तो हलकेच म्हणाला आणि हात बाजूला करून चहाच्या दिशेनं गेला. दिवे हलले, वायरी गुंडाळल्या जाऊ लागल्या. रत्नव्वा बोटीतच बसून राहिली.

आदिती पाण्याजवळ आली. "उतरा मावशी. एकदम चांगलं झालंय. आता काही राहिलं नाही."

"पोरी, आनि एकदा घे की," रत्नव्वा म्हणाली. "ह्या खेपंला बोट जरा लवकर येऊ दे."