तीन किलो शंभर ग्रॅम

रिव्हॉल्व्हरच्या चापाला अडकवलेल्या काट्याची सुई साडेपाच किलोंपर्यंत गेली, क्षणभर थरथरली आणि मग चाप सुटला. कारागिराने आकडा खडूने पाटीवर लिहिला.

"जड आहे."

"मग मघापासून मी काय सांगतोय?" जावई म्हणाला. "चाप ओढता ओढता हात हलतो, सासरेबुवा. गेल्या आठवड्यात हिच्या कानाला चाटून गेली गोळी. नेम चुकला म्हणून वाचली तुमची लाडकी."

लाडकी टेबलाच्या पलीकडे बसली होती. उजवा हात प्लास्टरमध्ये, कानावर पट्टी. जावई तिला न्यायला आला होता, आणि येताना हेही काम घेऊन आला होता. तीन वर्षांत बापाने तिला चारदा विचारलं होतं, परत जायचंय का? चारही वेळा ती म्हणाली होती, "बघू."

"हलकं करून द्या. पुढच्या वेळी हात हलायला नको."

"बसा जावईबापू. तासाभराचं काम."

कारागिराने रिव्हॉल्व्हरची बाजूची पट्टी उघडली आणि स्प्रिंगा काढून फडक्यावर ओळीने मांडल्या. मग काटा खिळ्याला अडकवला.

"बाळ, जरा इकडे ये. काटा बरोबर चालतोय का बघू. एका बोटाने ओढ."

तिने डाव्या हाताच्या बोटाने हूक ओढला. ओठ दाबून, सगळा जोर लावून. तीन किलो दोनशे.

"एवढंच?" जावई खो खो हसला. "कांदा तरी चिरवतो का हिला?"

कारागिराने तोही आकडा लिहिला. "तुम्हाला तीनच्या जवळ आणून देतो. त्याखाली गेलो तर गोळीवर हातोडी मऊ पडते, बार होत नाही."

त्याने मऊ स्प्रिंग घातली. साडेचार. काढली, दुसरी घातली. तीन आठशे. आतले घासणारे भाग दगडाने गुळगुळीत केले, पुसले, पुन्हा जोडले. तीन चारशे. पुन्हा उघडलं. जावई घड्याळ बघत होता. शेवटी सुई तीन किलो शंभरवर असताना चाप सुटला, आणि कारागिराने तोही आकडा लिहून खडू खाली ठेवला.

मागच्या खोलीत वाळूची पोती रचलेली होती. जावयाने पोत्यावर कोळशाने एक तोंड काढलं, कानासकट, आणि सहा गोळ्या झाडल्या. पहिल्या पाच गोळ्यांना मुलगी दचकली. सहाव्या गोळीला दचकली नाही.

"लोणी आहे, सासरेबुवा, लोणी! सहाही एका मुठीत. पोरसुद्धा उडवेल आता."

"हो," कारागीर म्हणाला. "आणा, तेल देऊन देतो."

तो पाठमोरा बराच वेळ तेल देत राहिला. भिंतीवर त्याचाच जुना फलक होता: इथून हत्यार रिकामं करूनच परत मिळेल. पस्तीस वर्षांत त्याने हा नियम फौजदारासाठीही मोडला नव्हता. पुसून झाल्यावर त्याने रिव्हॉल्व्हर टेबलाच्या पलीकडच्या कडेला ठेवलं. नळी भिंतीकडे, मूठ मुलीच्या डाव्या हाताकडे.

"चल, ऊठ," जावयाने तिचं प्लास्टर धरून हिसडा दिला. ती किंचाळली आणि टेबलावर आदळली. सावरून उभी राहिली, तेव्हा रिव्हॉल्व्हर तिच्या डाव्या हातात होतं.

तो हसत दोन पावलं मागे सरला. "वा! झाशीची राणी! ठेव ते. रिकामं आहे. बापाचा नियम विसरलीस?"

"जावईबापू," कारागीर शांतपणे म्हणाला, "आज नियम मीच विसरलो."

जावयाने खडूच्या पाटीकडे पाहिलं. साडेपाच, त्याखाली तीन दोनशे, त्याखाली तीन शंभर. त्याचं हसू विरत गेलं.

"हे बघ," तो म्हणाला, "घरी जाऊ. घरी जाऊन बोलू."

कारागिराने मुलीकडे पाहिलं आणि पाचव्यांदा विचारलं, "परत जायचंय का, बाळ?"

"नाही, बाबा."