वीतभर अंतर

“हलू नकोस हं,” चष्मेवाल्यांनी आठवड्याभराच्या नातीला बजावलं. नात हलली नाही. डोळेही टक्क उघडे होते. पण बघत होती ती भलतीकडेच, खिडकीतल्या उजेडाकडे. दारात कॅमेरा रोखून उभ्या असलेल्या आजोबांकडे नाही म्हणजे नाही.

खटक. हाही फोटो फुकट गेला.

चष्म्याचं दुकान चालवता चालवता गड्याचे केस पांढरे झाले, पण फोटोचा नाद काही सुटला नाही. आणि त्यांची ती लाडकी झूम लेन्स! एका जागी उभं राहायचं, कडी फिरवायची, की लांबचं झाड हाताशी आलंच. लेकीचं अख्खं लहानपण त्यांनी असंच लांबून ओढून आणलं होतं. शाळेच्या स्टेजवर नाचणारी लेक. सायकलवरून पडलेली लेक. आधी फोटो, मग उचलणं! अल्बमांच्या ओझ्याने कपाटाची फळी वाकली होती. एकदा लेकच हसत म्हणाली, “बाबा, लहानपण आठवायला गेलं ना, की तुमच्या तोंडाच्या जागी कॅमेराच दिसतो.” तेही हसले होते. पण ते बोलणं कुसळासारखं आत रुतून बसलं होतं.

म्हणून या नातीने एकदा, फक्त एकदा आपल्याकडे बघावं, हा एकच ध्यास त्यांनी घेतला होता. आणि ती बघत नव्हती. त्यातून हा पडला चष्मेवाला माणूस. हिच्या डोळ्यांत काही खोट तर नाही ना, ही भीती त्यांच्या पोटात घर करून होती, आणि ती घरात कुणाजवळ बोलायची सोय नव्हती. मग सगळा राग निघाला लेन्सवर.

“झूमने माणूस ऐदी होतो,” त्यांचा स्टुडिओवाला मित्र म्हणाला, आणि आपली जुनी प्राइम लेन्स त्याने त्यांच्या हातावर ठेवली. “हिच्यात लांबचं जवळ ओढायची भानगडच नाही. मोठं दिसायला हवं तर तू पुढे सरक, लहान हवं तर मागे हो. पाय दिलेत ना देवाने?”

“गुडघ्यांना विचारून सांगतो,” चष्मेवाले म्हणाले. पण लेन्स घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारातून बघतात तर काय, लेन्समध्ये सगळी खोलीच मावलेली! पलंग, दोरीवरची दुपटी, औषधांच्या बाटल्या, आणि कुठेतरी मध्ये शेंगदाण्याएवढी नात. ते एक पाऊल पुढे झाले. मग आणखी एक. लेकीच्या इतक्या जवळ ते किती वर्षांनी आले होते कोण जाणे. शेवटी पलंगाच्या कडेलाच टेकले. लेकीने नुकतंच पाजून बाळाला मांडीवर घेतलं होतं. त्यांनी लेन्सची फोकसची कडी शेवटपर्यंत फिरवली. हातभर अंतरावर बाळाची पापणीन् पापणी लखलखीत उमटली. काय ते नाक, काय ती जिवणी! फक्त नजर तेवढी त्यांच्या कानावरून घसरून पुढे निघून गेली.

कॅमेरा खाली आला. “ही माझ्याकडे बघतच नाही गं,” ते म्हणाले, आणि मनातलं बाहेर पडलंच. “हिला दिसतं ना नीट?”

लेकीला सगळं कळलं.

“अहो बाबा, गावभर नंबर काढत फिरता, नातीचा काढलात का? डॉक्टर म्हणाल्या, अगदी लहान बाळाला वीतभर लांबचंच नीट दिसतं. मी पाजताना माझं तोंड असतं ना, तेवढंच. त्याच्या पलीकडे सगळं धुकं.” तिने थोडं सरकून जागा केली. “या की पुढे.”

चष्मेवाले थक्क झाले. जन्मभर त्यांनी समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावून माणसांना लांबचं वाचायला लावलं होतं. आणि इथे हा एवढासा जीव एकच लेन्स घेऊन आला होता. ती नेमकी आईच्या तोंडाच्या अंतरावर लावून पाठवलेली. आधी एवढंच बघ, बाकीचं जग सावकाश. कुणी केला असेल हा हिशेब?

कॅमेरा डोळ्याला लावूनच ते वाकले. कडी पुढे फिरेना. बाळाचं तोंड विरघळून गेलं. लेन्सला हातभर अंतर हवं होतं, नातीला वीतभर. मागे झालं तर फोटो मिळत होता, पुढे झालं तर नात.

चष्मेवाले पुढे झाले.

कॅमेरा डोळ्यावरून हनुवटीपर्यंत घसरला. भिरभिरणारी ती नजर आधी त्यांच्या हनुवटीवर अडली. मग हळूहळू वर चढली, चष्म्यापाशी आली, आणि थांबली. नुसती थांबली नाही, मुक्कामाला आली. बोटाने आपलं काम कधी केलं, त्यांना कळलंसुद्धा नाही.

महिन्याभराने मित्र लेन्स न्यायला दुकानात आला. अक्षरांच्या तक्त्याशेजारी चौकट लावून टांगलेला फोटो बघून त्याने कपाळाला हात लावला.

“अरे, चष्म्याच्या दुकानात असला धूसर फोटो? गिऱ्हाईक उभं राहील का?”

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“आपल्याला ती धूसर दिसतेय,” ते म्हणाले. “तिला मी अगदी स्पष्ट दिसत होतो.”