दोन उभ्या रेघा

तिसऱ्यांदा गाण्यांचं ॲप उघडलं आणि तिसऱ्यांदा आपोआप मिटलं. अनुराधानं माऊस टेबलावर आपटला. साडेदहा वाजले होते. अकराला त्यावर ब्राह्मीचं गाणं येणार होतं, लेकीचं पहिलंवहिलं, स्वतःच्या नावानं निघालेलं. ते निपाणीच्या भर बाजारात, बापाच्या दुकानातल्या मोठ्या स्पीकरच्या बॉक्सवरच वाजलं पाहिजे, असं अनुराधानं आठ दिवसांपूर्वीच पक्कं केलं होतं. बॉक्सची वायर संगणकाला जोडलेली, आणि संगणक नेमका परवापासून रुसलेला. मोबाईलवर काय, न्हाणीघरात बसूनही ऐकता येतं. त्यात कसला आलाय मान?

"फेकून दे ते डबडं," नवरा म्हणाला. पारिसा स्टुलावर बसून पंखा खोलत होता, पण सकाळपासून एक स्क्रू काही त्याच्या हातून निघत नव्हता.

पारिसाचा धंदा मोटारी-पंखे दुरुस्तीचा, आणि लग्नकार्याला बॉक्स भाड्यानं द्यायचा. पाच वर्षांपूर्वी चिकोडीच्या एका लग्नात ऑर्केस्ट्राची बाई आलीच नाही, तेव्हा त्याच बॉक्सवर ब्राह्मी गायला उभी राहिली. मांडव डोक्यावर घेतला पोरीनं. घरी आल्यावर पारिसा म्हणाला, "आपण बॉक्स भाड्यानं देतो, पोरगी न्हाय." पोरगीही बापाचीच. बॅग उचलली आणि पुणं गाठलं. तेव्हापासून दुकानात तिचं नाव काढायची चोरी. सकाळी स्तोत्रं वाजायची, दुपारी जुनी गाणी, सगळं याच संगणकावर, फक्त घरचाच गळा तेवढा वर्ज्य. अनुराधा पाच वर्षं गप्प बसली. त्याची तिला आता लाज वाटत होती.

तिनं सौरवला फोन लावला. चिकोडीचा सौरव संगणक दुरुस्त करायचा. हा जुना संगणक त्यानंच लिनक्स नावाची फुकटची प्रणाली घालून बसवून दिला होता. ॲप काढून परत घातलं का, त्यानं विचारलं. ते तिनं कालच करून बघितलं होतं. मग परवा काय बदललं? काय बी न्हाय, ती म्हणाली. सौरवनं सांगितलं, आता ॲपच्या चित्रावर टिचकी मारू नका, काळी खिडकी उघडा, तिथं ॲपचं नाव टाइप करा आणि बंद पडताना ते शेवटची ओळ काय लिहितं ती मला वाचून दाखवा.

"ऱ्हाऊ दे गं," मागून पारिसा म्हणाला. "गिऱ्हाईक येत्यात. बंद कर आता."

बंद कर म्हटल्यावर तर तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पाच वर्षं तेच ऐकत आली होती. तिनं खिडकी उघडली, एकेक अक्षर शोधून नाव टाइप केलं. ओळींवर ओळी धावल्या आणि थांबल्या. शेवटच्या ओळीत एका फोल्डरचा पत्ता होता, गाणी ठेवतात तिथला. दोन उभ्या रेघा, ती वाचू लागली, मग मराठीत श्री, मग परत दोन उभ्या रेघा.

सौरव हसायलाच लागला. कुणीतरी फोल्डरच्या नावाला पत्रिकेवर घालतात तसं श्री घातलंय, म्हणाला. लिनक्स तसलं नाव खुशाल ठेवू देतं, पण हे ॲप गाणी धुंडाळत तिथं गेलं की त्या रेघांपाशी अडतं आणि मरतं. फोल्डर उडवा, नाहीतर रेघा तेवढ्या काढा. दोन मिनिटांचं काम.

असली चूक दुसरं कोण करणार? या दुकानात नवी वही, नवी मोटार, अहो नवी शिडीसुद्धा श्री लिहिल्याशिवाय वापरात येत नाही. शुभ कामाला पारिसाचा हात त्याशिवाय उठतच नाही. पण परवा कसलं शुभ काम होतं?

तिनं ओळ पुन्हा वाचली. रेघांच्या पुढं आणखी एक शब्द होता. ब्राह्मी.

तिनं फोन ठेवला आणि फोल्डर उघडला. आत शंभरावर रेकॉर्डिंग. पहिलं चिकोडीच्या लग्नातलं, मांडवातल्या गलक्यासकट. मग पुण्यातले कार्यक्रम, कुठल्या कुठल्या गणपती मंडळातली गाणी, कुणीतरी मोबाईलवर घेऊन इंटरनेटवर टाकलेली. सगळी तारीखवार लावलेली, एकही महिना न चुकवता. सगळ्यात खाली आजच्या तारखेचं एक फोल्डर करून ठेवलं होतं, रिकामं. नवं गाणं येणार म्हणून परवा त्यानं वरच्या नावाला श्री घातलं होतं.

अनुराधाला आधी रडू आलं आणि मग संताप. रडू तिनं गिळलं. पाच वर्षं ती लेकीशी स्वयंपाकघराचं दार लोटून कुजबुजत बोलत होती, आणि हा बाबा इथं बसून कानाला हेडफोन लावून ऐकत होता. एका शब्दानं बोलला नाही.

तिनं चारही रेघा पुसल्या. श्री ठेवलं. ॲप उघडलं आणि उघडंच राहिलं. अकराला गाणं आलं. तिनं आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं, आणि ब्राह्मीचा गळा दुकानातून रस्त्यावर गेला. समोरच्या कापडदुकानातली माणसं पायरीवर आली.

पारिसा उठून जवळ आला. त्याचे डोळे भरले होते. त्यानं रस्त्याकडं एकदा बघितलं आणि हळूच म्हणाला, "जरा बारीक कर गं."

अनुराधानं बटणावरचा हात काढला नाही.

"पाच वर्सं बारीकच ऐकलासा," ती म्हणाली. "आता हितं दारात हुबं ऱ्हावा, आणि यील त्याला सांगा, ही कुणाची पोरगी हाय."